पूर येतो तेव्हाचा विवेक
(अभ्यासपाठ)

आषाढी वारीत आपल्यापैकी पुष्कळांचा पुण्यात मुक्काम पडतो. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात, तुकोबारायांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. दोन रात्री शहर भजनाने भरून जाते. अशा मुक्कामात सवड काढून नदीकाठच्या पेठांकडे कधी गेलात, तर तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबा, पानशेतचं पाणी कुठवर आलं होतं हो?" तो हात वर करून भिंतीवरची जागा दाखवील. ती जागा आपल्या डोक्याच्याही वर असेल.

आजचा आपला पाठ त्या पाण्याविषयी आहे. खरे म्हणजे पाण्याच्या निमित्ताने विचाराविषयी आहे. पुढे काय होणार ते कळत नाही, चार माणसे चार गोष्टी सांगतात, वेळ थोडा आहे, आणि काहीतरी ठरवले तर पाहिजेच, अशा वेळी बुद्धी ठिकाणावर कशी ठेवावी? हा प्रश्न प्रपंचात रोज येतो. कधी मुलीच्या स्थळाचा, कधी विहिरीच्या कर्जाचा, कधी घरातल्या आजाराचा. म्हणून एक मोठे उदाहरण घेऊन तो नीट उकलून पाहू.

काय घडले

मुठा नदीला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण बांधणे चालू होते. काम पुरते संपलेले नव्हते, तरी १९६१ च्या पावसाळ्यात त्यात पहिल्यांदाच पाणी साठले. आता मातीच्या धरणाचा एक धर्म ध्यानात घ्या. दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तर ती पुष्कळदा तग धरते. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी गेले की ते माती कापत सुटते, आणि एकदा चर पडला की मग तो कोणाच्याने आवरत नाही. यासाठी जादा पाणी वेळीच बाहेर काढून देणारी वाट पक्की असावी लागते. पानशेतला पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते. मोरीवरचा भराव खचला, माथा खाली बसला, आणि वर पाऊस तर कोसळतच होता.

११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान धरणावर वाळूची पोती रचत होते. अंधार, पाऊस, पायाखाली खचणारी माती. पहाटेपर्यंत त्यांनी पाणी थोपवून धरले. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळले, आणि त्याच दिवशी तेही फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. पूल बुडाले, वाडे बसले, हजारो कुटुंबे उघड्यावर पडली. सुमारे एक हजार माणसे गेली असा अंदाज सांगितला जातो. दिवस आषाढी वारीचेच होते.

पहिला विचार : पाहिलेले, ऐकलेले आणि मानलेले

आता मनाशी असे चित्र उभे करा. आपण त्या सकाळी नारायण पेठेतल्या एका वाड्यात राहतो. कोणी धावत येऊन म्हणतो, "धरण फुटलं!" दुसरा म्हणतो, "छे, काहीतरी अफवा. इतकं मोठं धरण असं फुटतं होय?" तिसरा म्हणतो, "नदीला पूर दर वर्षी येतो. आपल्या उंबऱ्याला आजवर पाणी लागलेलं नाही." तिघांपैकी कोणाचे धरावे?

सज्जनहो, इथे पहिले काम हे की तिघांची बोलणी वेगवेगळ्या ताटात वाढावी. पहिल्याने जे सांगितले ते ऐकलेले आहे. दुसऱ्याने सांगितले ते मानलेले आहे, कारण 'मोठे धरण फुटत नसते' हे त्याने पाहिलेले नाही, तसे त्याला वाटते इतकेच. तिसऱ्याचे बोलणे मोठे फसवे आहे. 'आजवर पाणी लागले नाही' हे त्याने खरोखर पाहिले आहे. पण 'म्हणून आजही लागणार नाही' हे त्याने पुढे जोडलेले आहे, आणि ते मानलेले आहे. आजवरचे पूर पावसाचे होते, आजचा धरणाचा. कारण बदलले की जुना अनुभव अपुरा पडतो.

आपली फसगत पुष्कळदा अशीच होते. पाहिलेल्या गोष्टीच्या शेपटाला मानलेली गोष्ट बांधलेली असते, आणि दोन्ही मिळून खऱ्या म्हणून घरात शिरतात. आता तर खिशातल्या मोबाइलवर दिवसाला पन्नास निरोप येतात. अमुक पाला खाल्ला की साखर जाते, अमुक गावी चोर आले. निरोप पुढे धाडण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिले काय? त्याला ते कळण्याचा मार्ग काय? आणि हे खोटे असेल तर मला ते कशावरून कळेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचत नसेल तर समजावे, की आपण विचार करीत नसून नुसता विश्वास टाकतो आहोत.

दुसरा विचार : कोणती चूक महाग

बरे, तिघांची बोलणी वेगळी केली. तरी खरे काय ते कळले का? नाही. खात्री होईपर्यंत थांबावे म्हटले, तर खात्री दारातून पाण्याच्याच रूपाने येणार. मग काय करावे?

अशा वेळी 'खरे काय' हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावा आणि 'माझे चुकले तर काय जाईल' हा प्रश्न घ्यावा. चूक दोन तऱ्हेने होऊ शकते. म्हातारी माणसे, पोरेबाळे घेऊन आपण उंचावर गेलो आणि पाणी आलेच नाही : तर अर्धा दिवस गेला, चूल उशिरा पेटली, शेजारी चार दिवस हसले. आपण घरातच बसलो आणि पाणी आले : तर मग मोजदाद करायला कोण उरणार?

दोन्ही चुका सारख्या नाहीत हे दिसले की निर्णय आपोआप सोपा होतो. बातमी खरी असण्याचा संभव अर्ध्याहून कमी असला, तरीही उंचावर जाणेच शहाणपणाचे. इथे भित्रेपणाचा संबंध नाही. जी चूक दुरुस्त करता येते ती पत्करावी आणि जी करता येत नाही ती टाळावी, एवढाच हा हिशेब आहे. प्रपंचातही हेच माप लावावे. बियाणे नवे आहे, चांगले असेलही, तर एका वाफ्यात लावून पहा. सगळे शेत त्याच्यावर लावू नका. वाफा गेला तर सोसेल, शेत गेले तर वर्ष जाईल.

तिसरा विचार : अर्धे यशही यशच

त्या रात्री पोती रचणाऱ्या जवानांची गोष्ट पुन्हा पाहू. त्यांना धरण वाचवता आले नाही. मग त्यांचा खटाटोप वाया गेला का? अहो, धरण मध्यरात्री फुटले असते तर? पुणे झोपेत असते, काळोखात जीव घेऊन पळणार कुठे? पोत्यांनी जे काही तास दिले, त्यामुळे पाणी दिवसाउजेडी आले. त्या तासांचे मोल किती जीवांइतके झाले, ते कोण सांगणार?

यावरून शिकावे ते हे. मोठ्या अडचणीसमोर मन दोनच वाटा सांगते, सगळे सुटेल किंवा काहीच उपयोग नाही. बहुतेक वेळा खरी वाट मधली असते. संकट टळत नसेल तर ते लांबवता येईल का? लांबवता येत नसेल तर ते हलके करता येईल का? घरात दुखणे असाध्य आहे म्हणून औषधपाणी सोडू नये. वेदना कमी करणे हेही कामच आहे. कर्ज एकदम फिटत नाही म्हणून हप्ता चुकवू नये.

चौथा विचार : मागच्या पुराची रेघ

पूर ओसरल्यावर पुणे पुन्हा उभे करावयाचे होते. पूर्वी पुण्याचे आयुक्त राहिलेले स. गो. बर्वे यांनी त्या कामाची धुरा घेतली. पूरग्रस्तांसाठी नदीपासून दूर नव्या वसाहती झाल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावे आज पुण्यात सर्वांच्या तोंडी आहेत. त्यांच्या मागे त्या पुराची कहाणी आहे. नदीपासून लांब जावे हा विचार बरोबरच होता.

पण पुढचे ऐका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडे मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा दुथडी फोडून वाहिला. सहकारनगर भागातल्या ओढ्याकाठच्या वस्त्यांत पाणी घुसले. शहरात आणि आसपास मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. एरवी ज्या ओढ्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याने हे केले. मुठेच्या भीतीने लोक दूर गेले, आणि धोका ओढ्याच्या वाटेने आला.

कोणाला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. मनाचा स्वभाव सांगतो. भिंतीवरची रेघ आपल्याला 'पाणी इथवर आले होते' एवढेच सांगते. 'पाणी इथवरच येईल आणि इकडूनच येईल' असे ती कधीच म्हणालेली नसते. ते आपण तिच्या तोंडी घालतो. म्हणून एक संकट निस्तरल्यावर स्वस्थ बसू नये. मधून मधून विचारावे, की ज्या बाजूला माझे लक्ष नाही त्या बाजूला काय आहे?

पाचवा विचार : राखावे काय, सोडावे काय

आता आपल्या घरची गोष्ट. २०२० साली करोनाची साथ आली. लस नव्हती, रोग कसा पसरतो याविषयी रोज नवे कानावर येत होते, आणि आषाढी जवळ येत होती. लाखो माणसांनी एकत्र चालावे, एकत्र जेवावे, एका राहुटीत निजावे, हा तर वारीचा प्राण. वारी चुकवायची कशी? आणि चालवायची तर वाटेवरच्या गावागावांत रोग पोचवायचा कसा?

त्या वर्षी २९ मे रोजी पुण्यात संस्थानांची मंडळी आणि सरकार यांची बैठक झाली. पायी सोहळा होणार नाही, पण पादुका दशमीला पंढरीला जातील, असे ठरले. जून महिन्यात मोजक्या मंडळींत प्रस्थान झाले. पादुका देहू-आळंदीतच राहिल्या. ३० जूनला एस.टी.च्या फुलांनी सजवलेल्या गाडीतून त्या पंढरपुरास गेल्या, आणि १ जुलैला एकादशी झाली. २०२१ मध्येही थोड्याफार फरकाने तसेच करावे लागले. २०२२ ला पुन्हा टाळ-मृदंग वाटेवर आले.

पुष्कळांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होते. पायी वारी व्हावीच असा काहींचा आग्रहही होता, आणि तो निष्ठेपोटीच होता. त्यांना हसू नये. पण निर्णय कसा घेतला गेला ते पहा. 'वारी करायची की नाही' असा प्रश्न धरून बसले असते तर भांडण मिटलेच नसते. त्याऐवजी प्रश्न सुटा केला. वारीत काय काय आहे? प्रस्थान आहे, पादुकांची भेट आहे, एकादशी आहे, चालणे आहे, मेळा आहे. यांतले काय राखता येईल? पहिली तीन. या वर्षापुरते काय सोडावे लागेल? शेवटची दोन. गुंता असा सुटा केला की 'सगळे किंवा काहीच नाही' ही अडवणूक उरत नाही. आणि 'या वर्षापुरते' हे शब्दही महत्त्वाचे. जो निर्णय परत फिरवता येतो, तो घेताना हात कापू नये.

सहावा विचार : टाळ वाजतो तोवर आरती नाही

एकट्याची बुद्धी कितीही चालली तरी तिला एकाच बाजूचे दिसते. याला उपाय आपल्या सोहळ्यातच आहे, आणि तो रोज संध्याकाळी आपण डोळ्यांनी पाहतो. मात्र त्याकडे आपण विचाराचा पाठ म्हणून पाहत नाही.

मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात. टाळांचा गजर चालू असतो. चोपदार दंड उंच करतात आणि एका क्षणात लाखोंचा समुदाय चिडीचूप होतो. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर त्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात. मग चोपदार तिच्याकडे जातात, काय झाले ते ऐकून घेतात, तोड काढतात. टाळ थांबले की हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या किती वाजता निघायचे ते सांगितले जाते, आणि मग आरती. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली. ते पूर्वी शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करी माणसाची ती नजर आपल्याला आजही उपयोगी पडते.

यात तीन खुब्या आहेत. एक, तक्रार करण्याची वेळ आणि जागा ठरलेली आहे. म्हणून दिवसभर वाटेत भांडण होत नाही. दोन, आरडाओरडा न करता म्हणणे कळवण्याची रीत आहे. तीन, आणि ही सर्वांत मोठी, लहानशा दिंडीचे टाळ वाजत असतील तरी आरती थांबते. घरात, गावात, संस्थेत जिथे निर्णय होतात, तिथे विचारावे : कोणाचे टाळ अजून वाजत आहेत? घरातल्या सुनेचे, शेतावरच्या गड्याचे, गप्प बसलेल्या म्हाताऱ्याचे ऐकून झाले का? पुष्कळदा धोक्याची पहिली खूण अशाच माणसाने पाहिलेली असते आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

शंका आणि समाधान

शंका : सगळे माणसानेच विचार करून ठरवावयाचे, तर मग विठोबावर भार कशाचा घालावयाचा?

समाधान : फळाचा. विचार करणे, विचारपूस करणे, हात हलवणे हे आपल्या वाट्याचे. ते न करता भार टाकणे म्हणजे मालकाच्या घरी न सांगता पाहुणे धाडण्यासारखे आहे. आपल्या वाट्याचे केले की मग जे होईल त्याची रात्रंदिवस तळमळ करू नये. इथे भार टाकावा.

शंका : इतके प्रश्न विचारीत बसलो तर पाणी गळ्याशी येईल. वेळ कुठून आणायचा?

समाधान : रास्त शंका आहे. म्हणूनच विचार आधी करून ठेवायचा असतो. समजा, दिवेघाटाच्या चढणीला दिंडीतल्या एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखू लागले. तो म्हणतो, "काही नाही माउली, चढ संपला की बरं वाटेल." विणेकरी म्हणतो, "बाबा, आपलं ठरलंय ना आळंदीलाच? छातीत दुखलं की चालायचं नाही, आधी डॉक्टर. उठा, गाडीत बसा." इथे वाद होत नाही, कारण नियम शांत डोक्याने आधी केलेला होता. घरीही असे चार नियम करून ठेवावेत. पाणी अमुक पायरीला लागले की बाहेर पडायचे. अमुक रकमेच्या वर जामीन राहायचे नाही.

शंका : सगळे नीट करूनही निर्णय चुकला तर?

समाधान : चुकेल. पण निर्णय चांगला होता की वाईट हे नुसत्या फळावरून ठरवू नये. घरात बसून राहिलेला एखादा वाचलाही असेल; म्हणून बसणे शहाणपणाचे ठरत नाही. जे तेव्हा कळण्यासारखे होते ते सगळे विचारात घेतले का, एवढे पहावे. घेतले असेल तर स्वतःला दोष देऊ नये. घेतले नसेल तर कबूल करावे आणि पुढच्या वेळी ते घ्यावे. चूक कबूल करणारा माणूस शिकतो. झाकणारा तीच चूक पुन्हा करतो.

मननासाठी

पुढच्या एकादशीपर्यंत वाचकांनी एवढे करावे. सध्या मनाला छळणारा एक प्रश्न घ्यावा आणि कागदावर चार ओळी लिहाव्यात. यात मी पाहिलेले किती, ऐकलेले किती, मानलेले किती? माझे चुकले तर दोन्ही बाजूंनी काय जाईल? यातले काय राखायचे आणि काय या वेळेपुरते सोडता येईल? आणि अजून कोणाचे ऐकायचे राहिले आहे? उत्तर लगेच सापडेलच असे नाही. पण गढूळ पाणी भांड्यात स्थिर ठेवले की गाळ खाली बसतो, तसे प्रश्नाचे तळ दिसू लागते.

पुढच्या आषाढीत पुण्याच्या मुक्कामी संध्याकाळी पूल ओलांडताना क्षणभर थांबा आणि मुठेकडे पहा. ऐन वारीच्या दिवसांतही ती बहुधा शांतच असेल. विचार करून ठेवावयाचा तो नदी शांत असते तेव्हाच.

रामकृष्णहरी.